दुसऱ्या साक्षीदाराची दुर्बीण

तक्तेसाहेबांनी आयुष्यात न बघता सही केली ती एकदाच, आणि तीही एका पक्ष्यासाठी.

तक्ते हे त्यांचं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा कचेरीच्या खरेदी विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली. तीन दरपत्रकं आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता समोर आल्याशिवाय टाचण्यांची डबीसुद्धा आत येऊ दिली नाही, म्हणून कचेरीने त्यांना हे नाव चिकटवलं. निवृत्तीनंतर तक्ते घरी आले. एकदा झाडूचा तक्ता झाला. तो पूर्ण होईपर्यंत घर तीन आठवडे तसंच राहिलं. तेव्हापासून त्यांची बायको, जिला सगळी इमारत वहिनी म्हणते, घरात काय संपलं हे नवऱ्याच्या कानावर जाऊ देत नाही. गुपचूप जाऊन आणते आणि जुनंच आहे म्हणून सांगते.

तर ती सही. तक्तेसाहेबांचे व्याही गावाबाहेर एका तळ्याकाठी राहतात. माणूस उंच, आवाज खणखणीत, आणि गळ्यात सदैव दुर्बीण. ती त्यांच्या मामांची. मामा जहाजावर होते, त्यामुळे या दुर्बिणीने सात समुद्र पाहिलेत असं व्याही सांगतात आणि जेवतानाही ती काढत नाहीत. गेल्या वर्षी सगळे तळ्याकाठी उभे असताना व्याही एकदम ओरडले, "काळा करकोचा! या तळ्यावर पहिल्यांदाच! बघा, बघा!" आणि त्यांनी दुर्बीण तक्तेसाहेबांच्या चष्म्यावर अक्षरशः दाबली.

तक्तेसाहेबांना दिसल्या त्या स्वतःच्या पापण्या. पापण्यांच्या पलीकडे काळोख, आणि काळोखाच्या कडेला उजेडाची एक चकती, जी पकडायला जावं तर निसटून जायची. मागे वहिनी, मुलगी, जावई आणि विहीणबाई श्वास रोखून उभे.

"दिसला ना?" व्याह्यांनी विचारलं.

आता मुलीच्या सासऱ्यांना भर पाहुण्यांत "नाही" म्हणायचं म्हणजे काय, हे ज्याला मुलगी आहे त्यालाच कळेल. "दिसला," तक्तेसाहेब म्हणाले. एवढ्यावर थांबायचं, तर तेही नाही. "वा, काय डौल आहे!" अशी पुस्ती त्यांनी स्वतःहून जोडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. कारण पक्षीमित्र मंडळाच्या वहीत दुर्मिळ पक्ष्याची नोंद करायला दोन साक्षीदार लागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. चहाचे कप यायच्या आत व्याह्यांनी अर्ज पुढे सरकवला आणि तक्तेसाहेबांनी सही केली.

वर्ष सुखात गेलं. मग एके दिवशी टपालाने पत्र आलं. "उपरोक्त नोंदीबाबत शंका उपस्थित झाल्याने दोन्ही साक्षीदारांची तळ्याकाठी समक्ष तपासणी करण्यात येईल. साक्षीदारांनी आपापली दुर्बीण सोबत आणावी." खाली मंडळाच्या चिटणीसबाईंची सही. तारीख दोन महिन्यांनंतरच्या रविवारची. असली पत्रं तक्तेसाहेबांनी एकतीस वर्षं लिहिली होती, पण स्वतःला आलेलं हे पहिलंच. असं पत्र घेणाऱ्यावर नेमकं काय ओढवतं ते त्यांना त्या दिवशी कळलं.

त्यांनी कोणालाही ताकास तूर लागू दिली नाही. पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि वहिनींना एवढंच सांगितलं, "एक दुर्बीण घ्यावी म्हणतो. रानातले पशुपक्षी बघायला."

"घ्या की," वहिनी म्हणाल्या. "त्यात काय?"

त्यात काय ते पुढे दोन महिने वहिनींनीच भोगलं.

विचार तसा सरळ होता. चांगली दुर्बीण घ्यायची, तिच्यातून बघायचा सराव करायचा आणि चिटणीसबाईंपुढे ताठ मानेने उभं राहायचं. पण एखादी गोष्ट घ्यायची ठरली आणि ती इमारतीला कळली नाही, असं कुठे होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावरच्या कॅप्टननी जिन्यातच गाठलं. कॅप्टन म्हणजे मालवाहू जहाजावरचे कोठारवाले, पण टोपी घालतात म्हणून कॅप्टन.

"किती पटीची घेताय?" त्यांनी विचारलं.

"आठ पट पुरते म्हणतात."

"आठ?" कॅप्टननी टोपी काढून पुन्हा घातली. "आठ पटीने फार तर शेजारणीची छत्री दिसेल. वीस घ्या, वीस! उंदीर हत्तीएवढा दिसला पाहिजे."

उंदीर हत्तीएवढा बघायची तक्तेसाहेबांना हौस नव्हती, पण तक्त्यात एक रकाना वाढला. समोरच्या दातांच्या डॉक्टरांकडे ते दाढ दाखवायला गेले, तर डॉक्टरांनी तोंडात आरसा घालूनच सल्ला सुरू केला. "खिशात मावणारी घ्या. मोठी घेतली की मान दुखते, मान दुखली की दात आवळले जातात, आणि मग या माझ्याकडे." तोंडात आरसा असताना माणूस फक्त "आ" म्हणू शकतो. तो होकार धरला गेला. आणखी एक रकाना.

कॅमेऱ्यांच्या दुकानाचा मालक मात्र सज्जन निघाला. त्याने तक्ता बघितला, हसू दाबलं आणि काचेच्या कपाटातून पहिलीच जी दुर्बीण काढली ती समोर ठेवून म्हणाला, "साहेब, रानात, शेतात, पाण्यावर सगळं बघायचंय ना? मग आठ बाय बेचाळीस. आठ पट मोठं दिसतं. पुढची भिंगं बेचाळीस मिलीमीटरची, म्हणजे भल्या पहाटेही उजेड पुरेसा. हात थरथरला तरी चित्र नाचत नाही. वीस पटीच्या दुर्बिणीत तुम्हाला स्वतःची नाडी दिसेल, पक्षी नाही."

तक्तेसाहेबांनी ती डोळ्यांना लावली. पापण्या. काळोख. निसटती चकती.

"कशी आहे?"

इथे कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, "अहो, मला काही दिसत नाहीये." पण कचेरीत ज्याच्यापुढे मोठमोठे ठेकेदार घाम पुसत उभे राहायचे, त्याने एका दुकानदाराला हे सांगायचं? "बरी आहे," तक्तेसाहेब म्हणाले. "दुसरी दाखवा."

दुसरीत पापण्या. तिसरीत पापण्या. चौथ्या दुर्बिणीला दुकानदार म्हणाला, "समोर शिंप्याची पाटी आहे ना, ती वाचा बघू." तक्तेसाहेबांनी ती आत येतानाच वाचली होती. "कपडे वेळेवर मिळतील," त्यांनी पापण्यांकडे बघत खणखणीत वाचून दाखवलं. दुकानदार खूश झाला. "आणि खालची बारीक ओळ?" तक्तेसाहेब म्हणाले, "बाहेरचा उजेड कसा आहे ते बघून येतो." ते रस्ता ओलांडून गेले, पाटीखाली उभं राहून बारीक ओळ वाचली, परत आले, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि म्हणाले, "फाटल्यास जबाबदारी गिऱ्हाइकाची." साठी ओलांडलेल्या माणसाने इतक्या खालच्या थराला जावं याचं त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं, पण दुसरा इलाज सुचला नाही.

असे तीन शनिवार गेले. अकरा दुर्बिणी झाल्या. एका शनिवारी कॅप्टन बरोबर आले आणि वीस पटीची लावून ओरडले, "अहो, शिंप्याच्या सुईतला दोरा दिसतोय!" दुकानात आलेल्या एका आजींनी सहज एक उचलली, लावली आणि म्हणाल्या, "अगं बाई, कावळ्याच्या चोचीत काहीतरी आहे." जगात सगळ्यांना सगळं दिसत होतं. तक्तेसाहेब घाबरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. "डोळे उत्तम," डॉक्टर म्हणाले. "चष्म्याचा नंबरसुद्धा तोच आहे." ही बातमी ऐकून एवढा खचलेला माणूस त्या डॉक्टरांनी आधी पाहिला नसेल. डोळ्यांत दोष निघाला असता तर निदान सांगायला तोंड तरी राहिलं असतं.

तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात, 'प्रत्यक्ष दर्शन' या शीर्षकाखाली, एकाखाली एक अकरा वेळा 'असमाधानकारक' लिहिलं गेलं. वहिनींनी तो तक्ता जेवणाच्या टेबलावर वाचला.

"अकराच्या अकरा खराब?"

"दर्जा घसरलाय हल्ली."

"नाचता येईना अंगण वाकडं," वहिनी म्हणाल्या आणि तक्त्यावर गरम भांडं ठेवलं. बाण कुठे लागला ते त्या माउलीला ठाऊक नव्हतं.

चौथ्या शनिवारी दुकानदार फार अदबीने म्हणाला, "साहेब, दुकान तुमचंच आहे. पण शनिवारी आम्ही आता बंद ठेवायचं म्हणतोय." मग दातांच्या डॉक्टरांनी तोडगा काढला की इथला माल घेऊच नका, परदेशातून पार्सलने मागवा, जगात जे उत्तम आहे तेच मागवा. मागवली. आणि मग घोडं पेंड खाऊ लागलं ते पार्सल कचेरीत.

"वापराचा उद्देश?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"वन्यजीव बघणे."

"कोणते?"

"जे दिसतील ते."

"असं मोघम चालत नाही. यादी जोडा."

तक्तेसाहेबांनी बाकावर बसून यादी केली. कोल्हा, ससा, हरीण, बगळा, बदक. कारकुनाने ती सावकाश वाचली. "बदक पाळीव की रानटी? पाळीव असेल तर ते वन्यजीवात येत नाही, उद्देशच बदलतो." बदक खोडून पुन्हा सही झाली. मग खोका उघडला. आत दुर्बिणीबरोबर भिंगं पुसायचं एक फडकं निघालं, तळहाताएवढं. कारकुनाने ते दोन बोटांत धरलं. "पत्रकावर फडकं नाही. कापडाचा विभाग दुसऱ्या मजल्यावर."

दुसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली, "एवढंसं कापड आम्ही कापड धरत नाही. हे दुर्बिणीचं उपांग आहे असं पहिल्या मजल्याचं पत्र आणा." पहिला मजला म्हणाला, ते कापड नाही असं दुसऱ्या मजल्याने लिहून दिल्याशिवाय ते उपांग आहे असं आम्हाला लिहिता येत नाही. या एका फडक्यापायी तक्तेसाहेबांनी नऊ दिवस जिने झिजवले. ते चिडले, घामाघूम झाले, एकदा तर खिडकीवर हात आपटला. पण शेवटच्या दिवशी फाइलवरची टिपणी वाचताना त्यांच्या अंगावर काटा आला. 'सदर वस्तू कापड असल्याचे अथवा नसल्याचे सिद्ध होत नाही, सबब परत.' शब्द न् शब्द त्यांच्याच वळणाचा. आपण एकतीस वर्षं लोकांना काय केलं, हे त्यांना त्या बाकावर बसून पहिल्यांदा नीट समजलं. टिपणी मात्र सुरेख होती, हेही त्यांना कबूल करावं लागलं.

शेवटी फडकं सोडून दिलं आणि दुर्बीण हाती आली. खोका घरी नेऊन उघडला, तर तीच. आठ बाय बेचाळीस, त्याच कंपनीची, दुकानदाराने पहिल्या दिवशी पहिलीच काढलेली. त्या दिवसापासून तक्तेसाहेब त्या दुकानासमोर आले की रस्ता ओलांडतात.

रविवार चार दिवसांवर आला होता. गॅलरीत उभं राहून त्यांनी दुर्बीण लावली. पापण्या. वहिनी म्हणाल्या, "बघू तरी मला," तर "हात नको लावूस, भिंगांना डाग पडतात," म्हणून वसकन ओरडले. बघणं जमत नाही म्हटल्यावर उरलं पाठांतर. एका पुस्तकातून त्यांनी करकोचा घोकला. पाठ काळी, पोट पांढरं, चोच लाल, पाय लाल. आंघोळीतही घोकला. वहिनींनी बाहेरून दोनदा विचारलं, कोणाशी बोलताय म्हणून.

रविवारी सकाळी तळ्यावर सगळे जमले. चिटणीसबाई म्हणजे ठेंगण्या, निवृत्त गणिताच्या शिक्षिका, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वही, केसात खोचलेली पेन्सिल. त्यांनी नमस्कार चमत्कारात वेळ घालवला नाही. "पहिल्या साक्षीदाराची दुर्बीण," असं म्हणून हात पुढे केला.

व्याह्यांनी मामांची दुर्बीण गळ्यातून काढली. हे दृश्य विहीणबाईंनीही बऱ्याच वर्षांत पाहिलं नसावं. चिटणीसबाईंनी त्यातून बघितलं, काच पुसली, पुन्हा बघितलं आणि ती उलटी करून उजेडाला धरली.

"आत बुरशी आहे. दोन्ही नळ्यांत. ही शेवटची उघडून साफ कधी केली?"

"मामा होते तेव्हा," व्याही म्हणाले.

"मामांना जाऊन बावीस वर्षं झाली," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी ते अगदी निर्मळ मनाने सांगितलं, पण व्याह्यांनी त्यांच्याकडे जे बघितलं ते बघण्यासारखं होतं.

"यातून पांढरा बगळासुद्धा काळाच दिसणार," चिटणीसबाई म्हणाल्या.

व्याह्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "पण यांनीही पाहिलाय की! एकतीस वर्षं खरेदी विभागात काढलेला माणूस आहे हा. न बघता सही करणाऱ्यातला नाही. सांगा हो तुम्ही!"

सगळे तक्तेसाहेबांकडे वळले. व्याह्यांच्या डोळ्यांत चक्क अजिजी होती. मुलीच्या लग्नाला सहा वर्षं झाली, पण तक्तेसाहेबांनी त्या डोळ्यांत ती कधी पाहिली नव्हती. पाठ काळी, पोट पांढरं, चोच लाल, सगळं जिभेवर तयार होतं. एका वाक्यात व्याही वाचत होते, सही वाचत होती, मुलीच्या सासरचा मान राहत होता.

चिटणीसबाईंनी वही उघडून पुढे धरली. आत चिकटवलेल्या अर्जावर 'प्रत्यक्ष पाहिले' या शीर्षकाखाली तक्तेसाहेबांची सही होती, नेहमीची, खाली दोन टिंबं दिलेली. त्या सहीकडे बघता बघता त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की घोकलेला करकोचा उडून गेला.

"मी काही पाहिलं नाही," ते म्हणाले. "मला फक्त माझ्या पापण्या दिसल्या होत्या."

मग वहिनींचा आवाज आला. "आणि दुकानात?"

"पापण्याच."

"अकराच्या अकरांत?"

"हिच्यातही," तक्तेसाहेबांनी गळ्यातली दुर्बीण उचलून दाखवली.

"अहो, मग हे दोन महिन्यांपूर्वी सांगायला काय झालं होतं?" वहिनी कडाडल्या. "घर डोक्यावर घेतलंत! फडक्यासाठी नऊ दिवस भांडलात!"

चिटणीसबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी दुर्बीण हातात घेतली. "चष्म्यावरून बघता ना? मग डोळ्यांपाशी या रबरी कड्या आहेत, त्या फिरवून आत घालायच्या. आणि मधला सांधा असा दाबायचा, दोन गोलांचा एक गोल होईपर्यंत." त्यांनी दोनदा फिरवलं, एकदा दाबलं आणि दुर्बीण परत दिली.

"एवढंच?" वहिनी म्हणाल्या. आख्ख्या दोन महिन्यांत तक्तेसाहेबांना जे काही लागलं, त्यात हे 'एवढंच' सगळ्यांत खोल गेलं.

वहीतला करकोचा खोडला जात होता. व्याह्यांनी मामांची दुर्बीण डबीत बंद केली आणि डबी विहीणबाईंच्या हाती दिली. कोणाच्या नजरेला नजर द्यायला नको, म्हणून तक्तेसाहेबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

आणि तळं अंगावर आलं. लव्हाळे दिसले, एकेक वेगळा. लव्हाळ्यावरचा थेंब दिसला आणि थेंबावर बसायचं की नाही या विचारात पडलेला एक किडा. ते श्वास घ्यायला विसरले. दुर्बीण हळूच डावीकडे गेली, तिथे एक झाड पाण्यात आडवं पडलं होतं, आणि त्याच्या खोडाशी एक चपटं, ओलं, तपकिरी डोकं वर आलं. दोन पुढच्या पायांत मासा धरून ते जनावर आधी माशाचं डोकं खायला लागलं.

"पाणमांजर," तक्तेसाहेब कुजबुजले.

चिटणीसबाईंची पेन्सिल केसातून निघाली. "कुठे? या तळ्यावर पाणमांजराची नोंदच नाही!" त्या पिशवीत स्वतःची दुर्बीण शोधू लागल्या. "दुसरं कोणाला दिसतंय? लवकर सांगा!"

मुलगी, जावई, विहीणबाई, सगळ्यांनी डोळे बारीक केले. काही नाही. व्याही दोन पावलं पुढे आले.

"त्या आडव्या झाडाच्या डावीकडे," तक्तेसाहेब म्हणाले.

व्याही नुसत्या डोळ्यांनी बघत राहिले. बराच वेळ. आता शिष्टाचार काय मागतो हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. गेल्या वर्षी याच काठावर तो पाळला गेला होता.

"नाही," व्याही म्हणाले. "मला नाही दिसत."

तक्तेसाहेबांना त्या क्षणी व्याह्यांना मिठी मारावीशी वाटली. चिटणीसबाईंची दुर्बीण पिशवीतून निघेपर्यंत डोकं पाण्याखाली गेलं होतं. "एक साक्षीदार," त्या हळहळल्या. "नोंद होत नाही." वही मिटली. विहीणबाईंनी जेवायला हाक मारली आणि सगळे घराकडे निघाले.

तक्तेसाहेब काठावर बसले. थोड्या वेळाने शेजारी गवत खसखसलं आणि व्याही गुडघ्यावर हात टेकत खाली बसले.

"मिशा होत्या?" त्यांनी पाण्याकडे बघत विचारलं.

"होत्या. चावताना हलत होत्या."

"आणि शेपूट?"

"पाण्यात होती. खोटं कशाला सांगू."

घरातून वहिनींची हाक आली, मग मुलीची. दोघेही उठले नाहीत. पाणी कितीतरी वेळ सपाट राहिलं. मग खोडाशी एक वर्तुळ उमटलं.

"आलं," तक्तेसाहेब म्हणाले. "दोन आहेत."

"दोन? कुठे?" व्याह्यांनी सवयीने गळ्यापाशी हात नेला, तिथे काही नव्हतं. मग त्यांनी तोच हात पुढे केला. "बघू, द्या इकडे."

सहा वर्षांत व्याह्यांनी हात पुढे केला आणि तक्तेसाहेबांनी दिलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. कित्येकदा तर त्यांनी हात पुढे व्हायच्या आधीच देऊन टाकलं होतं. आत्ताही त्यांची मान वळू लागली, पण दुर्बीण डोळ्यांवरून हलली नाही.

"थांबा हो जरा," तक्तेसाहेब म्हणाले. "माझं बघून होऊ दे."